संगणकाचा वक्तशीरपणा

संगणकाच्या वेगाचे कौतुक आपण नित्य ऐकतो. एका सेकंदात अब्जावधी क्रिया उरकणारे हे यंत्र एखाद्या गायकाच्या साध्या आलापापुढे अडखळावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी खरी वाटत नाही. परंतु घरच्या संगणकावर ज्यांनी ध्वनिमुद्रण करून पाहिले आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. गाणे रंगात आलेले असते, सूर लागलेला असतो आणि मध्येच ‘टक्’ असा एक कोरडा आवाज उमटतो. मुद्रण पुन्हा ऐकावे, तर तो आवाज तेथेच काट्यासारखा रुतलेला. गायक विद्यार्थी असेल तर त्याला पुन्हा गावयास सांगता येते. पण धालोची गाणी मुखोद्गत असलेली एखादी ऐंशी वर्षांची आजी समोर बसली असेल, तर तीच ओळ त्याच भावाने पुन्हा मिळेल, याची हमी कोणी द्यावी?

संगणक दमला म्हणून असे होते, असा पुष्कळांचा समज असतो आणि मग अधिक वेगवान, अधिक महाग यंत्र विकत आणले जाते. ‘टक्’ मात्र राहतोच. कारण येथे उणीव वेगाची नसून वक्तशीरपणाची आहे. हे दोन गुण अगदी निराळे होत. शंभर मीटरच्या शर्यतीत पहिला येणारा मुलगा प्रार्थनेच्या घंटेला हजर असतोच असे नाही, हे आम्हां शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. संगणकाला हा दुसरा गुण कसा शिकवला गेला आणि आजही तो कसा शिकवावा लागतो, याची हकिकत या लेखात सांगावयाची आहे. उदाहरण घेऊ लिनक्सचे. कारण त्याचे अंतरंग कोणालाही उघडून पाहता येते आणि हवे तसे बदलताही येते.

प्रथम ध्वनी संगणकात शिरतो कसा, ते पाहू. मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्-प्रवाह ध्वनिकार्ड ठरावीक अंतराने मोजते आणि प्रत्येक मोजमापाचा एक आकडा करते. संगीताच्या सीडीसाठी हे माप सेकंदाला 44,100 वेळा घेतले जाते. ध्वनिमुद्रणाच्या कामात बहुधा 48,000 वेळा. हे आकडे एकेक करून प्रोसेसरकडे पाठवणे परवडत नाही. म्हणून त्यांचा एक संच भरेपर्यंत ते साठवले जातात आणि मग संपूर्ण संच एकदम उचलला जातो. या साठ्याच्या जागेला बफर म्हणतात.

बफर म्हणजे आपल्या घरचा रांजण समजा. नळाला पाणी ठरल्या वेळीच येईल असा भरवसा नसतो; घरात तर ते दिवसभर लागते. म्हणून आपण रांजण भरून ठेवतो. रांजण मोठा असला तर नळाला उशीर झाला तरी चूल अडत नाही. पण आपण पितो ते पाणी मात्र बऱ्याच वेळापूर्वीचे असते. रांजण लहान केला तर पाणी ताजे मिळते. पण नळाला क्षणभर उशीर झाला की तळ दिसतो. आपल्याला ऐकू येणारा तो ‘टक्’ म्हणजे रांजणाचा तळ दिसल्याचा आवाज होय. ध्वनिकार्डाला पुढचा आकडा हवा होता आणि तो देण्यास प्रोसेसर आला नव्हता. ध्वनी आत घेतानाही हेच उलट बाजूने घडते: भरलेला रांजण कोणी रिकामा न केल्यामुळे पाणी वरून वाहून जाते आणि आवाजाचा तेवढा तुकडा कायमचा हरवतो. या दोन्ही प्रकारांना तंत्रज्ञ ‘एक्सरन’ असे एकच नाव देतात.

आता थोडे गणित. सेकंदाला 48,000 मोजमापे या हिशेबाने 1,024 आकड्यांचा संच भरण्यास सुमारे 21 मिलिसेकंद लागतात, 256 चा सव्वापाच मिलिसेकंदांत, 128 चा पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत आणि 64 चा अवघ्या 1.33 मिलिसेकंदांत भरतो. येताना एक संच आणि जाताना दोन, अशी सर्वसाधारण रचना धरली, तर 1,024 च्या संचात गायकाचा आवाज संगणकातून फिरून त्याच्या कानी परत येण्यास 64 मिलिसेकंद जातात. 128 च्या संचात केवळ 8. ध्वनिकार्डाचा स्वतःचा एखाददुसरा मिलिसेकंद यात आणखी मिळवावा लागतो, तो निराळा.

चौसष्ट मिलिसेकंद म्हणजे डोळ्याचे पाते लवण्यासही पुरेसा काळ नव्हे, त्याची एवढी चिंता का, असे कोणी विचारील. उत्तर हवेत आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात हातभराहूनही कमी. आठ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे तबलजी आपल्यापासून पावणेतीन मीटरांवर बसला आहे एवढेच. नाटकाच्या रंगमंचावर गायक नट आणि साथीदार यांच्यात याहून अधिक अंतर सहज असते आणि तरी पदे रंगतात. पण चौसष्ट मिलिसेकंद म्हणजे तबलजी बावीस मीटर दूर, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला! द्रुत लयीत अशा साथीवर कोणी गाऊन दाखवावे. गायकाची अडचण तर दुहेरी असते: स्वतःचा आवाज त्याला हाडांवाटे तत्काळ ऐकू येतो आणि कानांवरच्या हेडफोनमधून तोच मागाहून, या दोहोंच्या ओढाताणीत लय डळमळते.

तर मग रांजण लहान ठेवावा, हे उघड आहे. पण तो रिकामा होऊ नये म्हणून प्रोसेसरने दर 1.33 किंवा 2.67 मिलिसेकंदांनी न चुकता हजेरी लावली पाहिजे. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर 1.33 मिलिसेकंदांत चाळीस लक्ष ठोके देतो. एवढ्या काळात 64 आकड्यांचे गणित करणे म्हणजे त्याच्या हातचा मळ. प्रश्न एवढाच, की त्या क्षणी तो मोकळा असेल काय?

हे ठरवणारा जो संगणकाचा कारभारी, त्याला कर्नेल म्हणतात. (सैन्यातल्या कर्नलशी याचे नाते नाही, अधिकार मात्र तितकाच मोठा.) लिनक्स हे अशाच एका कर्नेलचे नाव. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली ते लिहावयास घेतले आणि सर्वांना मुक्तपणे देऊन टाकले. कोणत्या कार्यक्रमाला प्रोसेसर किती वेळ द्यावा, तबकडीवरून काय वाचावे, कोणत्या यंत्रभागाच्या हाकेला केव्हा ओ द्यावी, हे सारे कर्नेल पाहते. पण आरंभीच्या काळात त्याचे ध्येय होते एकूण काम अधिकाधिक व्हावे हे. दिवसाअखेर फायली किती निकालात निघाल्या एवढेच पाहणाऱ्या कचेरीसारखा तो कारभार. दारात कोणी तातडीचे काम घेऊन उभा असला, तरी हाती घेतलेली फाइल पुरी झाल्याखेरीज मान वर करावयाची नाही! कर्नेल स्वतःच्या एखाद्या कामात गुंतलेले असताना त्याला मध्येच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देण्याची सोय तेव्हा नव्हती. सरासरी विलंब अगदी अल्प असे. पण तबकडीवर मोठी नोंद चालू असताना तोच कधी शंभर मिलिसेकंदांच्याही पलीकडे जाई. संगीताच्या दृष्टीने सरासरीला काडीची किंमत नाही. दहा हजार वेळा वेळेवर आणि एकदा उशिरा, तर त्या एका वेळेचाच ‘टक्’ ऐकू येतो.

इसवी सन 2000 च्या आसपास या दोषावर दोन उपाय पुढे आले. अँड्रू मॉर्टन यांनी कर्नेलमधील दीर्घ कामे हुडकून त्यांच्यामध्ये थांबे घातले: येथे क्षणभर थांब, कोणी तातडीने बोलावते आहे काय ते पाहा, मग पुढे जा. रॉबर्ट लव्ह यांच्या नावाशी जोडलेला दुसरा उपाय अधिक मूलगामी होता. काही नाजूक जागा वगळता कर्नेलला कोठेही थांबवता यावे, अशी ती योजना. तिला प्रीएम्प्शन म्हणतात. हे बदल आरंभी मूळ कर्नेलच्या बाहेर ‘पॅच’ म्हणून, म्हणजे ठिगळाच्या रूपाने मिळत आणि हौशी लोक ते आपल्या हाताने जोडून घेत. डिसेंबर 2003 मध्ये निघालेल्या 2.6 या आवृत्तीत प्रीएम्प्शन मूळ कर्नेलचाच भाग झाले.

तरीही त्या ‘नाजूक जागा’ उरल्या होत्याच. संगणकात दोन कामांनी एकाच वेळी एकाच वस्तूला हात लावू नये म्हणून कुलपे असतात. ज्याच्याकडे किल्ली त्याने काम करावे, इतरांनी थांबावे. आणि कुलपांपाशी एक चमत्कारिक आपत्ती उद्भवते. समजा, शाळेतील नकाशांच्या खोलीची एकुलती एक किल्ली सर्वांत धाकट्या शिपायाकडे आहे. मुख्याध्यापकांना एक नकाशा तातडीने हवा आहे. शिपाई लगेच किल्ली देईलही. पण वाटेत त्याला हेडक्लार्क अडवतात आणि कामाला लावतात, ते सुटले की दुसरे कारकून. शिपायाहून ते सारे वरच्या दर्जाचे, तेव्हा त्याने नाही म्हणावे कसे? परिणाम असा, की शाळेतील सर्वांत मोठा अधिकारी खोलीच्या दारात तिष्ठत उभा राहतो आणि मधल्या दर्जाच्या लोकांची कामे सुखेनैव चालतात. याला अग्रक्रमाची उलटापालट म्हणावयास हरकत नाही.

ही कल्पनेची भरारी नव्हे. दिनांक 4 जुलै 1997 रोजी अमेरिकेचे पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक वारंवार आपोआप बंद होऊन नव्याने सुरू होऊ लागला. प्रत्येक खेपेस निरीक्षणांचे काम खोळंबे. त्यावर लिनक्स नव्हते, व्हीएक्सवर्क्स नावाची निराळी प्रणाली होती. दोष मात्र तंतोतंत आपल्या शिपायाचा. हवामानाची माहिती गोळा करणारे कनिष्ठ काम किल्ली धरून बसले होते, संदेशवहनाचे मध्यम दर्जाचे काम त्याला प्रोसेसर मिळू देत नव्हते आणि यानाच्या अंतर्गत माहितीची ने-आण सांभाळणारे सर्वश्रेष्ठ काम दारात उभे होते. ते वेळेत पुरे होत नाही असे दिसताच पहारेकरी यंत्रणा ‘काहीतरी बिघडले’ असे समजून सारा संगणक नव्याने चालू करी. अभियंत्यांनी यानाच्या पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तोच बिघाड घडवून आणला, कारण ओळखले आणि कोट्यवधी किलोमीटरांवरून आज्ञा पाठवून तो दुरुस्त केला. उपाय सोपा आहे: शिपायाच्या हातात मुख्याध्यापकांना हवी असलेली किल्ली आहे, तोवर त्याच्या कामाला मुख्याध्यापकांच्याच कामाचा दर्जा द्यावा, किल्ली सुटली की तो पुन्हा शिपाई. या नियमाला अग्रक्रमाचा वारसा म्हणतात.

लिनक्समध्ये हाच वारसा, आणि त्याबरोबर आणखी पुष्कळ काही, आणण्याचे काम 2004 च्या सुमारास इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी यांनी अंगावर घेतले. कर्नेलमधील बहुतेक कुलपे त्यांनी अशी केली, की ती धरून बसलेल्यालाही बाजूला सारून तातडीचे काम करता यावे. दुसरी गोष्ट घंटेची. ध्वनिकार्ड, कळफलक, नेटवर्क, तबकडी हे सर्व भाग प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी जणू घंटा वाजवतात. तिला इंटरप्ट म्हणतात. पूर्वी कोणतीही घंटा वाजली की हातचे काम टाकून धावावे लागे, मग ती घंटा किती का क्षुल्लक असेना. नव्या रचनेत प्रत्येक घंटेला ओ देणारा एक स्वतंत्र सेवक नेमला गेला आणि त्या सेवकांत मानाची पायरी ठरवता येऊ लागली. ध्वनिकार्डाचा सेवक वर, नेटवर्कचा खाली.

या कार्याचे तुकडे वर्षानुवर्षे मूळ कर्नेलमध्ये शिरत गेले. कुलपांचा वारसा 2006 साली, घंटांचे सेवक 2009 साली. शेवटचा तुकडा मात्र जाण्यास वीस वर्षे लागली. सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या मेळाव्याच्या वेळी तो टोरवाल्ड्स यांनी स्वीकारला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये निघालेल्या 6.12 या आवृत्तीपासून संपूर्ण तत्काल प्रणाली, अर्थात रिअल-टाइम, मूळ लिनक्समध्येच मिळू लागली. वीस वर्षे एकाच ठिगळाची शिवण उसवू न देता ते नव्या नव्या वस्त्राला जोडत राहणे, हे मला तरी त्या ठिगळाइतकेच नवलाचे वाटते. या कामाचे पाठीराखे मुख्यतः कारखान्यांतील यंत्रे चालवणारे लोक होते. संगीतकारांना त्याचा लाभ आयताच मिळाला. अर्थात ही प्रणाली निवडली की संगणकाचे एकूण काम किंचित मंदावते. वारंवार मान वर करून पाहणाऱ्या कारकुनाच्या फाइली थोड्या कमीच निघणार.

ज्या विद्यार्थ्यांना हे स्वतः करून पाहावयाचे आहे, त्यांनी नवे कर्नेल घडवण्यापासून आरंभ करू नये. प्रथम ध्वनीच्या कार्यक्रमाला वरचा अग्रक्रम घेण्याची परवानगी द्यावी. लिनक्समध्ये तत्काल कामांचे 1 पासून 99 पर्यंत दर्जे असतात आणि सामान्य वापरकर्त्याला ते सहसा मिळत नाहीत. ‘ऑडिओ’ या गटातील वापरकर्त्यांना 95 पर्यंतचा दर्जा द्यावा, अशी एक ओळ मर्यादांच्या फाइलीत लिहिण्याची प्रथा आहे. त्याच जागी स्मृती अडकवून ठेवण्याची मुभाही द्यावी. नाहीतर ऐन वेळी हवी असलेली माहिती कर्नेलने स्मृतीतून उचलून तबकडीवर नेऊन ठेवलेली असते आणि ती परत आणेपर्यंत अनेक मिलिसेकंद जातात. वरच्या दर्जाचा एखादा बिघडलेला कार्यक्रम सारा संगणक गिळून बसेल, ही भीती रास्त आहे; म्हणून कर्नेल सामान्यतः प्रत्येक सेकंदातील विसावा हिस्सा इतर कामांसाठी राखून ठेवते.

यानंतर प्रोसेसरची झोप. वीज वाचावी म्हणून आजचे प्रोसेसर काम नसताना वेग उतरवतात आणि गाढ झोपी जातात. जागे होऊन पूर्ण वेगावर येण्यास त्यांना वेळ लागतो. मुद्रणापुरती वेगाची व्यवस्था ‘परफॉर्मन्स’ या स्थितीवर ठेवली, तर ‘टक्’ पुष्कळदा तेवढ्यानेच नाहीसा होतो. लॅपटॉपची बॅटरी मात्र लवकर उतरते. वायफाय बंद करावे. त्याचे ड्रायव्हर अनेकदा फार वेळ प्रोसेसर अडवतात. यूएसबीचे ध्वनिकार्ड इतर उपकरणांच्या गर्दीत न खुपसता स्वतंत्र जागी लावावे. इतके करून भागले नाही, तर संगणक सुरू होतानाच ‘प्रीएम्प्ट=फुल’ आणि ‘थ्रेडआयआरक्यूज’ या दोन सूचना कर्नेलला द्याव्यात; पहिल्याने ते जवळजवळ कोठेही थांबवता येते, दुसऱ्याने वर सांगितलेले घंटांचे सेवक नेमले जातात. संपूर्ण तत्काल कर्नेलची पाळी याच्याही नंतर येते.

कर्नेल कितीही शिस्तीचे असले तरी दोन ठिकाणी त्याचा इलाज चालत नाही. काही संगणकांत निर्मात्याने बसवलेली एक अंतर्गत व्यवस्था, पंखा किंवा तापमान पाहण्याच्या निमित्ताने, प्रोसेसर स्वतःकडे ओढून घेते आणि कर्नेलला त्याचा पत्ताही लागू देत नाही. कर्नेलच्या दृष्टीने तेवढा काळ घडलाच नाही! अशा यंत्रावर लहान रांजणाचा हट्ट सोडलेला बरा. दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द ध्वनीचा कार्यक्रम. ज्या धाग्याने दर दीड-दोन मिलिसेकंदांनी संच पोचवावयाचा, त्यानेच तबकडीवरची फाइल उघडली किंवा नव्या स्मृतीची मागणी केली, तर तो स्वतःच स्वतःला अडवतो. पॉल डेव्हिस यांनी घडवलेली जॅक ही ध्वनिव्यवस्था या बाबतीत कडक शिस्तीची म्हणून नावाजली. विम टेमन्स यांच्या पाइपवायरने पुढे तेच काम रोजच्या वापराच्या ध्वनीबरोबर एकत्र आणले.

केलेल्या उपायांचा गुण आला की नाही, हे कानांवर सोपवू नये. ‘सायक्लिकटेस्ट’ नावाचा एक लहानसा कार्यक्रम आहे. अमुक वेळी मला उठव, असे तो कर्नेलला सांगतो आणि प्रत्यक्षात किती उशिरा उठवले गेले ते मायक्रोसेकंदांत नोंदतो. तीन आकडे पुढे येतात: किमान, सरासरी आणि कमाल. पहिले दोन वाचण्याचे कारण नाही. संगणक निवांत असताना पाच मिनिटे चालवलेली ही परीक्षाही निरर्थक. तबकडीवर मोठ्या फाइलींची नक्कल चालू ठेवावी, शक्य तेवढा भार घालावा आणि ती रात्रभर चालू द्यावी. चांगल्या यंत्रावर तत्काल कर्नेलचा कमाल आकडा बहुधा शंभराच्या आत राहतो. तो हजारांत गेला, तर 64 च्या संचाचा नाद सोडून 256 वर यावे.

आणि आजीच्या गाण्यासाठी तर यांतील बरेचसे लागतही नाही. जेथे आवाज केवळ टिपून घ्यावयाचा आहे, संगणकातून फिरून गाणाऱ्याच्या कानी परत जावयाचा नाही, तेथे विलंब कोणालाच जाणवत नाही. तेव्हा 1,024 चा मोठा रांजण खुशाल ठेवावा, प्रोसेसर जागा ठेवावा, वायफाय बंद करावे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकावयाचाच असेल, तर पुष्कळ ध्वनिकार्डांवर तो संगणकाकडे न पाठवता थेट हेडफोनमध्ये सोडण्याची कळ असते, ती दाबावी.